केसात कंगवा अडकलेली मुलगी

माझ्या धाकट्या जावेचं तिच्या संपादकांशी भांडण झालं, ते मी जिन्यात उभी राहून ऐकलं. मुद्दाम नव्हे. ती चष्मा घरी विसरून गेली होती आणि चष्म्याशिवाय तिला स्वतःचा अंगठासुद्धा धड दिसत नसे, म्हणून मी तो द्यायला तिच्या ऑफिसात गेले होते. ऑफिस छापखान्याच्या माडीवर. खाली यंत्रांचा खडखडाट, त्यामुळे वरची माणसं कायम ओरडूनच बोलायची. लाडाने बोलतायत की भांडतायत, ते पहिल्या दोन वाक्यांत कळायचंच नाही. तिसऱ्याला कळलं.

मासिक होतं तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींचं. धाकटी त्याची मुखपृष्ठं काढायची. साहेबांचं म्हणणं, की वरच्या चित्रातली मुलगी हसत का नाही, कुणी मेलंय का हिच्या घरी.

"हसरी मुलगी आईबापांना आवडते," धाकटी म्हणाली. "त्या वयाच्या पोरींना नाही."

"मासिक विकत आईबापच घेतात, बाई."

"घेतात ते. पण हात पुढे करते ती पोरगी. तिनेच नाही केला, तर आईबापांना काय स्वप्न पडणार आहे?"

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग साहेब एकदम हळू बोलले, म्हणजे छापखान्याच्या मानाने हळू. इतकं कळतंय तर पुढच्या अंकाला तशी मुलगी काढून दाखवा, खरीखुरी वाटणारी. नाही जमलं, तर मुखपृष्ठं बाहेरून करून घेऊ, तुम्ही आतली फुलं-पानं काढा.

मी चष्मा तिथल्या शिपायाच्या हातात दिला आणि उतरले. घरी कुणाला बोलले नाही. तिनेही काही सांगितलं नाही, पण त्या संध्याकाळी तिने तीनदा भात वाढला आणि तिन्ही वेळा माझ्याच ताटात.

धाकटीचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. शिडी धरता धरता ती शिकली. रस्त्याच्या पलीकडून जी पाटी वाचता येत नाही ती पाटीच नव्हे, असं म्हणायची. लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा तिची एक ट्रंक होती आणि फडक्यात बांधलेले ब्रश. माझ्याकडे पहिल्यांदा इतकं निरखून बघितलं, की मला वाटलं नाकाला काहीतरी लागलंय. तसं काही नव्हतं. ती सगळ्यांकडेच तशी बघायची, जणू नाक पुसून पुन्हा काढावं की राहू द्यावं याचा विचार चाललाय. आणि बसणं तिला ठाऊक नव्हतं. खुर्चीच्या कडेला टेकायची, आता कुणी हाक मारणार आणि आपल्याला पळायचंय, अशी. माझे दीर घड्याळं दुरुस्त करायचे. ते म्हणायचे, वहिनी, घरात इतकी घड्याळं आहेत, पण टिकटिक हिचीच ऐकू येते.

भांडणानंतर तिने एक नवीनच सुरू केलं. शाळा सुटायच्या वेळी शाळेसमोरच्या मासिकांच्या टपरीवर जाऊन उभी राहायची. टपरीवाला अंक दोरीला चिमट्यांनी लावायचा, एकावर एक, त्यामुळे प्रत्येकाचा वरचा डावा कोपरा तेवढा बाहेर दिसायचा. बाकीचं चित्र दोन दिवस रंगवलेलं असो की दोन महिने, झाकलेलंच. धाकटी एका कोपऱ्यात उभी राहून एका छोट्या वहीत काहीबाही लिहायची. टपरीवाल्याला वाटलं ही कुठल्यातरी खात्याची तपासनीस आहे. महिनाभर त्याने टपरी आरशासारखी पुसून ठेवली, अंक ओळीत लावले आणि हिला बसायला स्टूल दिलं. ती स्टुलावर बसली नाही हे सांगायला नकोच.

त्या वहीतलं ती मला रात्रीची भांडी घासताना सांगायची. पोरी अक्षरं वाचतच नाहीत, आधी डोळे बघतात. चित्रातले डोळे आपल्याकडे बघत असले तर थबकतात. मग केस, मग पायातले बूट. मुलं खेळाचं मासिक हातात धरतात आणि नजर बाजूच्या अंकावर ठेवतात. तेरा वर्षांची पोर तेरा वर्षांच्या पोरीचं चित्र उचलत नाही, तिला पंधराची लागते, आणि पंधरावालीला सतराची. "ताई, कुणालाच आपण आहोत तेवढं असायचं नाहीये," ती म्हणायची, आणि घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घ्यायची.

पण वहीने चित्र होत नव्हतं. ती मुली काढायची आणि फाडायची. एकीचे डोळे बरोबर यायचे, तर मान पुतळ्यासारखी. महिना संपत आला. मला जिन्यातलं सगळं आठवत होतं, आणि तिने फाडलेला एकेक कागद मी मनात मोजत होते.

आता मुंगीचं सांगते. मुंगी म्हणजे धाकटीची लेक. चालायला शिकली तेव्हा भिंतीच्या कडेकडेने चालायची, म्हणून मुंगी. तेव्हा चौदाची होती. मला काकू म्हणायची आणि आईपेक्षा माझ्याशीच जास्त बोलायची. पण त्या वयात बोलायचं म्हणजे दिवसाला दोन वाक्यं, त्यातलं एक "काही नाही".

एका सकाळी शाळेला उशीर झाला होता. मुंगी खिडकीच्या कट्ट्यावर बसली होती. एका पायात बूट, दुसरा मांडीवर. केस विंचरता विंचरता कंगवा गुंत्यात अडकला, तो तिने तसाच लोंबकळू दिला होता. अंगात तपकिरी स्वेटर, त्याचं कोपर मी हिरव्या लोकरीने रफू केलं होतं, कारण तपकिरी संपली होती. आणि हनुवटीवर तो लहानपणी पायरीवरून पडल्याचा वण. दिरांनी आतून ओरडून विचारलं, झालं का तुझं. तिने मान वळवून जे बघितलं ना, दार न वाजवता कुणी आत आल्यासारखं. चिडलेलं, आणि थोडं घाबरलेलंही.

धाकटी पोळपाटापाशी होती. पिठाच्या हाताने तिने किराण्याची यादी उलटी केली आणि पेन्सिल उचलली. पोळी जळाली. मी उलथन्याने काढून टाकली आणि काही बोलले नाही. मलाही कळलं होतं, की ही तीच. आज लिहिताना मला त्या गप्प बसण्याची लाज वाटते. निदान कोपर तरी बदल गं, एवढं म्हणता आलं असतं.

अंक निघाला. साहेबांनी कुरकुर केली, पण तारीख डोक्यावर होती. वरच्या डाव्या कोपऱ्यात बरोबर ते डोळे. टपरीवरचा गठ्ठा चार दिवसांत संपला. टपरीवाल्याने धाकटीला स्वतःहून सांगितलं, तपासणीबाई, हा अंक पोरी उचलतात आणि तिथेच उभ्या राहून एकमेकींना दाखवतात. पुढच्या आठवड्यात रस्त्यात मुली दिसायला लागल्या, केसात मुद्दाम कंगवा अडकवलेल्या. सहा-सात तरी मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या. साहेबांनी बाहेरच्या माणसाचं नाव पुन्हा काढलं नाही. धाकटी त्या आठवड्यात चक्क खुर्चीत पाठ टेकून बसली.

सोमवारी मुंगी शाळेतून आली. दप्तर ठेवलं. स्वेटर काढला, त्याची घडी घातली आणि कचऱ्याच्या डब्यात ठेवला. फेकला नाही, ठेवला. चेहऱ्यावर काही नव्हतं. वर्गातल्या पोरींना ती चित्रातली मुलगी फार आवडली होती, पण ती मुंगी आहे हे हिरव्या कोपरावरून समजल्यावर त्यांना ती जास्तच आवडली, वेगळ्या तऱ्हेने. दिवसभर कुणीतरी हिच्या मागून येऊन केसात कंगवा खोचत होतं. हे मला तीन दिवसांनी कळलं, तेही शेजारच्या मुलीकडून.

मुंगी आईसमोर बसेनाशी झाली. जेवताना डावा हात हनुवटीवर, घास उजव्याने. केस विंचरायला माझ्या खोलीत यायची आणि कडी लावायची. आई खोलीत आली की ही उठणार. भांडण नाही, रडारड नाही. त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं. आमचं घर चार खोल्यांचं, स्वयंपाकघर एकच. कुणी कुणाला टाळायचं म्हटलं तर नुसतं गोल गोल फिरावं लागतं. तसंच चाललं होतं. एक आत आली की एक बाहेर. दिवसभर पावलं. मला रात्री पडल्यावरही ती ऐकू यायची.

धाकटीने यावर काय करावं? टपरीवर गेली आणि नव्याने आलेले सगळे अंक विकत घेतले, म्हणजे शाळेसमोर तरी पोरीचं चित्र दिसायला नको. टपरीवाला खूश. त्याला वाटलं तपासणीबाईंनाही आवडला. अंक भराभर जातोय म्हणून त्याने दुप्पट मागवले. हिने तेही घेतले. त्याने पुन्हा मागवले, आणि या वेळी दोरीवर एकच अंक न लावता आठ लावले, ओळीने. आठ मुंग्या रस्त्याकडे बघतायत. एखाद्याने पाणी उपसावं आणि नळ चालूच असावा, तशी गत. शेवटी मी तिला हाताला धरून घरी आणलं.

ते गठ्ठे तिने स्वतःच्या पलंगाखाली सरकवले होते. मुंगीला ते सापडले. तिचा चेंडू गेला होता तिकडे, की मुद्दाम वाकली, कोण जाणे. मी दारात होते. तिने एक ओढून काढला, मग दुसरा, मग गठ्ठा. आईने जपून ठेवलेत, कौतुकाने, असंच तिला वाटणार. धाकटी सांगायला लागली की अगं, मी लपवायला आणलेत. कुणाला पटावं ते? मुंगी माझ्याकडे वळली.

"काकू, ही माझ्याकडे बघते तेव्हा मला कळतच नाही, मी पोरगी आहे की मॉडेल."

आणि धाकटी, जी साहेबांना तोंडावर बोलायची, ती खाली बघत उभी राहिली. त्यानंतर ती मुंगीकडे बघेनाशीच झाली. वाढताना ताटाकडे बघायची. डबा देताना डब्याकडे. आपण बघितलं तर पोर उठून जाईल ही धास्ती. पुढच्या अंकाचं मुखपृष्ठ आलं, त्यावर मुलीची पाठ. त्याच्या पुढच्या अंकावर दोन मुलींच्या पाठी. साहेबांनी विचारलं, यांची तोंडं कुठे गेली? वाचकांना ते काहीतरी कोडं वाटलं. काहींनी उत्तरंसुद्धा पाठवली.

मी दोघींच्या मध्ये. मी शाळेत चार वर्षं गेले, त्यातली दीड गोवराने खाल्ली, मला काय युक्त्या सुचणार. मी धाकटीला म्हटलं, पाया पड तिच्या हवं तर. ती म्हणाली, "पाया पडले तर ती पाय मागे घेईल, ताई. मग मी काय करू?"

मार्ग मुंगीनेच काढला. तिने तो मार्ग म्हणून काढला नसेल, रागानेच केलं असेल. छापखान्यात आधी एक कच्ची प्रत काढतात, प्रूफ म्हणतात त्याला, आणि लाल पेन्सिलीने त्यावर चुका दाखवतात. मुंगी त्या प्रुफांच्या पाठकोऱ्या कागदांवरच गिरवायला शिकली होती. एके दिवशी धाकटीच्या टेबलावर तो कंगव्याचा अंक पडलेला, लाल पेन्सिलीने रंगलेला. हनुवटीच्या वणाला गोल, समासात "काढा". कोपराला गोल, "काढा". कंगव्याला गोल, "काढा". आणि डोळ्यांपासून एक लांब रेघ ओढून कडेला लिहिलं होतं, "विचारलं होतं का?"

धाकटीने तो कागद हातात धरला आणि इतका वेळ उभी राहिली, की मला वाटलं तिला चक्कर येतेय. मग बसली. पेन्सिल काढून त्या प्रश्नाखाली बारीक अक्षरात लिहिलं, "नाही. माझी चूक." एवढंच. छापखान्यात चूक झाली की लिहितात तसं. मग नवीन कागद घेतला आणि प्रुफातल्या दुरुस्त्या कराव्यात तशा एकेक करून केल्या. वण नाही, कोपर नाही, कंगवा नाही. चित्र मुंगीच्या दप्तरावर ठेवलं आणि बाजारात निघून गेली. घरी थांबली असती तर तिने दाराच्या फटीतून बघितलं असतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी ते परत टेबलावर. नवे गोल. "नाक माझंच आहे." हिने नाक बदललं. परत आलं. "कान." कान बदलले. मग "अशी बसत नाही कुणी." तेही बदललं. दोघी बोलत नव्हत्या, पण कागद जात-येत होता. मी चहा ठेवताना आधी टेबलाकडे बघायची, लाल आहे का काही. चौथ्या खेपेला चित्रातली मुलगी जगातल्या कुणासारखीच राहिली नव्हती. आखूड केस, रुंद कपाळ, कोण कुठली. खाली कोपऱ्यात एकच शब्द होता, "चालेल".

त्या दिवशी मुंगीने बाहेरच्या खोलीत केस विंचरले. कडी न लावता. धाकटी भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. एक देठ तिने इतक्या वेळा मोडला की त्याचा चुरा झाला, पण मान वर केली नाही. मुंगीनेच शेवटी विचारलं, "आई, पिन कुठे आहेत?" तेव्हा वर बघितलं.

ती कुणासारखीच नसलेली मुलगी पुढच्या मुखपृष्ठावर गेली. अंक मध्यमच खपला. साहेब म्हणाले, कंगवेवालीची मजा नाही हिच्यात. धाकटी म्हणाली, नसेल.

तेव्हापासून मुंगीने बघितल्याशिवाय एकही मुखपृष्ठ छापायला गेलं नाही. दर महिन्याला प्रूफ सुरळी करून मुंगीपुढे, आणि ती बघत असताना धाकटी तिच्याकडे पाठ करून उभी. मुंगी सोळाची झाली, विसाची झाली. चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली. लग्न झालं, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. धाकटी बसने प्रूफ घेऊन जायची. ऑफिसात संपादक बदलले, एकामागून एक तीन. नवीन आलेल्यांना वाटायचं मुंगी म्हणजे कुठलीतरी समिती आहे. "मुंगीकडून आलं का?" असं विचारायचे, गंभीरपणे. मी एकदा धाकटीला म्हटलं, अगं, ती चाळिशीला आली, आजच्या पोरींना काय आवडतं ते तिला काय कळणार? ती म्हणाली, "नाहीच कळत. तिने मागे पास केलेली दोन मुखपृष्ठं साफ पडली." आणि चप्पल घालून निघाली.

पुढे पुढे हाताने चित्रं काढणं संपलं. ऑफिसातली तरुण मुलं संगणकावर फोटो जुळवायची. धाकटीचे हात कापायचे. तिला ठेवली होती ती फक्त वरच्या डाव्या कोपऱ्यासाठी. तिथे काय यावं ते ती बोटाने दाखवायची आणि मुलं ऐकायची. तीच मुलं म्हणाली होती, आजी, फोनवर पाठवतो आम्ही ताईंना, एका मिनिटात जाईल. हिने ऐकलं नाही. फोनवर माणूस घाईत हो म्हणून टाकतं, म्हणाली.

मागच्या पावसाळ्यानंतर ती गेली. त्याच्या चार दिवस आधी आम्ही दोघी त्या महिन्याचं प्रूफ घेऊन मुंगीकडे गेलो होतो. मी सोबतीला, कारण तिला बसच्या पायऱ्या चढताना धरावं लागायचं. बसमध्ये जागा मिळाली तरी ती दांडा धरून उभीच. सुरळी छातीशी.

दुकानात मुंगी एका गृहस्थाच्या नाकावर फ्रेम बसवून बघत होती. आम्हाला मानेने बसा म्हणाली. मी बसले. गृहस्थांचं नाक काही फ्रेम धरेना, मुंगीने ती तीनदा काढून वाकवली. मग हात पुसून आली आणि सुरळी काउंटरवर पसरली. दोन्ही टोकांना चष्म्याच्या पेट्या ठेवल्या. धाकटी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं, समोर एक कुलूप लावलेलं दुकान होतं.

"विचारलंय ना हिला?" मुंगीने विचारलं. फोटोतली मुलगी सायकलच्या दुकानाच्या पायरीवर बसली होती.

"तिची आणि तिच्या आईची सही आहे मागे," धाकटी कुलपाकडे बघत म्हणाली.

मुंगीने उलटून सही बघितली. मग परत चित्र, बराच वेळ. डोक्यावरची अक्षरं तिला केसांना चिकटल्यासारखी वाटली, तिथे तिने लाल खूण केली. माझ्याकडे बघून म्हणाली, आई जेवली का काही सकाळपासून? मी सांगितलं, अर्धी भाकरी. तिने आतून दोन केळी आणून आईच्या पिशवीत टाकली, आणि मग कोपऱ्यात लिहिलं, चालेल.

परतीच्या बसने आम्ही छापखान्याच्या थांब्यावर उतरलो. माडी धाकटीला चढवत नव्हती, म्हणून खालच्या खिडकीशीच प्रूफ द्यायचं ठरलेलं. आतल्या मुलीने हात बाहेर काढला. धाकटीने सुरळी दिली आणि अक्षरं अर्धं बोट वर घ्यायला सांगितली. मुलीने मान डोलावली. धाकटीने बोट खिडकीच्या कडेवर टेकवून अर्धं म्हणजे किती ते दाखवलं, मुलीला ते परत करून दाखवायला लावलं, आणि मग आम्ही केळ्यांची पिशवी तेवढी घेऊन घराकडे निघालो.